घास मोजणाऱ्या ॲपास अनावृत पत्र

रा. रा. आहार-नोंद ॲप,
मुक्काम मोबाईल.

सा. न. वि. वि.

इकडील सर्व क्षेम. वजनही होते तिथेच सुखरूप आहे. रोज रात्री साडेनऊला 'जेवण नोंदवायचे राहिले' म्हणून आपण हाक मारता, तेव्हा गहिवरून येते. एवढी विचारपूस माझ्या सख्ख्या आत्यानेही कधी केली नाही.

आपला अचूकपणा तर वादातीत. परवा मेथीची भाजी नोंदवली आणि आपण तत्क्षणी निकाल दिलात: 1 वाटी, 137 कॅलरी. वाटी कोणती, आमटीची की ताकाची? आणि फोडणी कुणाच्या हातची? एक मोठा चमचा तेल म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी. सासूबाईंची बुधली एकदा वाकली की किती चमचे पडले, हे कढईलाच ठाऊक. अशा घरात एकशे सदतीसमधले ते सात आपण कुठून आणलेत? घडीच्या पोळीच्या पदरांतले तेल आपल्याला दिसत नाही; ती आणि कोरडा फुलका आपल्या यादीत एकच. मुळात कर्बोदके आणि प्रथिने ग्रॅमला 4, स्निग्ध पदार्थ 9, हे ॲटवॉटर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाचे आकडेही सरासरीचेच.

एकादशीला मात्र आपण कमाल केलीत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, वर दाण्याचे कूट, बटाटा, तूप. पंचांगात उपवास आणि आपल्या पडद्यावर लाल अक्षरांत 'मर्यादा ओलांडली'! (इथे मी आपल्या बाजूची आहे. घरात बोलले नाही.)

आपले धाकटे बंधू, मनगटावरचे घड्याळ, रोज दहा हजार पावले मागतात. हा आकडा डॉक्टरांनी दिलेला नव्हे. 1965 साली जपानमध्ये पावले मोजायचे एक यंत्र विकायला आले, त्याच्या नावातच दहा हजार होते. बंधूंना हात हलला की पाऊल पडल्यासारखे वाटते. आरतीच्या टाळ्या त्यांनी चालण्यात धरल्या. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन जिने चढले, ते त्यांच्या फारसे लक्षात आले नाही. वर आपण जाहीर करता की चालून 240 कॅलरींची कमाई झाली. ती मी वडापावावर खर्च करते. आपला काय दोष? आपण फक्त जमा दाखवलीत.

लिहिण्याचा उपयोग होत नाही असे नाही. ज्या दिवशी लिहिते, त्या दिवशी फरसाणाचा डबा कमी वेळा उघडतो. पण तेवढ्याला दुधाच्या हिशेबाची वही पुरते.

आता कामाचे. आम्ही चौघे, महिन्याला तेलाचा पाच लिटरचा डबा. म्हणजे माणशी रोज साधारण 38 ग्रॅम, साडेतीनशेच्या आसपास कॅलरी. तूप, दाणे आणि बाहेरचे खाणे वेगळे. हा हिशेब वाण्याच्या यादीवर उभ्याउभ्या होतो.

तरी विनंती, की पुढच्या आवृत्तीत मेथीचे ते सात सोडून दोनच रकाने ठेवावेत: घरात माणसे किती आणि महिन्याला तेल किती. साडेनऊची हाकही सासूबाईंच्या मोबाईलवर द्यावी. माझे नाव सांगू नये.

आपली,
एक फुकट वापरणारी