पत्रास कारण की

प्रस्तुत लेखकाने वयाच्या 63व्या वर्षी पत्रकारितेच्या वर्गात नाव घातलं, ही बातमी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून सांगलीला पोचली तेव्हा आत्याने फोनवर पहिली चौकशी कॉलेजची केली. "कम्युनिटी कॉलेज म्हणजे कुठल्या कम्युनिटीचं रे? आपल्या लोकांना घेतात का तिथं?"

घेतात. कोणालाही घेतात. अमेरिकेतलं पहिलं असं सरकारी कॉलेज 1901 साली इलिनॉयमधल्या जोलिएट गावी सहा विद्यार्थ्यांवर सुरू झालं. आज एकट्या कॅलिफोर्नियात अशी 116 कॉलेजं आहेत. प्रवेश परीक्षा नाही, कट-ऑफ नाही, ओळख लागत नाही. राज्यात वर्षभर रीतसर राहिलेल्या माणसाला युनिटमागे 46 डॉलर फी, म्हणजे तीन युनिटांचा कोर्स 138 डॉलरला पडतो. लेखकाने सवयीने याचे रुपये केले, मग नातवाच्या पोहण्याच्या क्लासची फी आठवली आणि तोंडातून अवाक्षर न काढता फॉर्म भरला.

शेजारचे एक मराठी गृहस्थ म्हणाले, "युनिव्हर्सिटीत नाही का मिळाली ॲडमिशन?" त्यांच्यासाठी लेखकाने दोन नावं पाठ करून ठेवली आहेत. पहिलं टॉम हँक्सचं. तो शिकला ते शाबो कॉलेज इथून गाडीने वीसेक मिनिटांवर, हेवर्डमध्ये आहे. दुसरं जिम लेहररचं. अमेरिकेच्या अध्यक्षीय वादचर्चांचं बारा वेळा सूत्रसंचालन केलेला हा पत्रकार टेक्सासमधल्या व्हिक्टोरिया कॉलेजात शिकताना बस डेपोवर तिकिटं विकायचा आणि गाड्या सुटायच्या घोषणा करायचा. पुढे म्हातारपणीही लोकांच्या आग्रहाखातर तो ती घोषणा म्हणून दाखवायचा. सांगली स्टँडवर चाळीस वर्षं 'फलाट क्रमांक चारवर' ऐकलेल्या माणसाला याहून जवळचा आदर्श सापडणं कठीण.

वर्गात पंचवीस जण. सर्वांत धाकटी मुलगी अठरा वर्षांची, एक नर्स रात्रपाळी करून यायची, एक जण लष्करातून परतलेला. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, मला पहिल्या नावाने हाक मारा. लेखकाची जीभ रेटेना. त्याने 'मॅडम' सुरू केलं, आणि तिसऱ्या आठवड्यात लष्करवालाही 'मॅडम' म्हणू लागला.

पहिली खरी कामगिरी कॉलेजच्या विश्वस्त मंडळाच्या सभेची बातमी करण्याची. कॅलिफोर्नियात 1953च्या ब्राउन कायद्याने अशा सभा उघड्या दारानेच घ्याव्या लागतात, नेहमीच्या सभेची विषयपत्रिका 72 तास आधी लावावी लागते आणि कोणाही नागरिकाला माइकपाशी जाऊन बोलता येतं. लेखकाच्या पाठीशी बँकेतली नोकरी आणि पतसंस्थेच्या वार्षिक सभांचा दांडगा अनुभव. तिथे अहवालाचं पहिलं पान उघडायच्या आत मागच्या रांगेतून "मंजूर! मंजूर!" येतं आणि फरसाणाचे पुडे फिरायला लागतात. इथे साडेतीन तासांत कोणी ओरडलंही नाही आणि पुडाही आला नाही.

लेखकाने बातमी जशी सभा झाली तशी, क्रमवार लिहिली. बाहेरची हवा, सभागृहातले झेंडे, अध्यक्षांचं प्रास्ताविक, मागील इतिवृत्त, निवृत्त होणाऱ्या माळ्याचा सत्कार. विद्यार्थ्यांच्या पार्किंग परमिटचे दर वाढवायचा ठराव संमत झाला, हे अकराव्या परिच्छेदात. होस्टेल नसलेल्या आणि झाडून सगळे गाडीने येणाऱ्या कॉलेजात पार्किंगचं परमिट महागणं म्हणजे काय, हे मुंबईकराला लोकलच्या पासावरून कळेल. बाईंनी त्या परिच्छेदाभोवती लाल गोल काढून समासात लिहिलं होतं: बातमी इथे राहते. वाचकाने इतकं चालत का यायचं?

इथे उलटा पिरॅमिड शिकवतात. सर्वांत महत्त्वाचं पहिल्या वाक्यात, मग उतरत्या क्रमाने बाकीचं, म्हणजे जागा कमी पडली तर शेपटाकडून कापता येतं. तारेने बातम्या जायच्या त्या काळातली ही रीत असं वर्गात सांगतात. आता लेखकाची अडचण बघा. तो मराठी पत्रावर वाढलेला, आणि मराठी पत्राचा पिरॅमिड सुलटा. वर श्री, मग तीर्थरूप, साष्टांग नमस्कार, इकडील सर्व क्षेम, पाऊसपाणी, म्हैस व्याली. 'पत्रास कारण की' अर्ध्या पानानंतर, आणि तेही कारण खरं नसायचं. खरं कारण समासात, आडव्या अक्षरांत: 'ता. क. धाकटीचं लग्न ठरलं. परवा आहे. येणेचे करावे.' अशा घरातला माणूस बातमी पहिल्या वाक्यात सांगून टाकायला धजावत नाही. पाहुण्याला दारातच जेवून जा म्हटल्यासारखं वाटतं.

दुसरी ठेच क्रियापदांची. इथल्या बातमीत माणूस फक्त 'म्हणतो'. मराठी बातमीत 'म्हणाले' हा शेवटचा उपाय. आपल्याकडे नेते टोला लगावतात, खडे बोल सुनावतात, घणाघात आणि गौप्यस्फोट करतात, आणि काहीच बोलले नाहीत तर त्यांचं 'सूचक मौन' छापून येतं. लेखकाने पार्किंग विभागाच्या एका शांत, सर्दी झालेल्या कर्मचाऱ्याकडून इंग्रजीत घणाघात करवला. बाईंनी विचारलं, तो ओरडला का? नाही, शिंकला.

असोसिएटेड प्रेसचं स्टाइलबुक हे या वर्गाचं पंचांग. ईमेलमधली जोडरेघ 2011 साली गेली, 2016 साली इंटरनेटचं पहिलं अक्षर लहान झालं. 2014 साली संख्येच्या आधी 'ओव्हर' चालेल असं जाहीर झालं, तेव्हा तर इकडचे मुद्रितशोधक सुतक पडल्यासारखे वागले. शुद्धलेखनाच्या 1962च्या नियमांवरून आजही दिवाळी अंकात भांडणाऱ्या मंडळींनी एकदा इकडे येऊन जावं, माहेरपण होईल.

मग नावांचा घोळ. सुरक्षा अधिकाऱ्याचं नाव जॉन. लेखकाने त्यात 'एच' घातला. त्या जॉनमध्ये एच नव्हता. नाव चुकलं की त्या कामगिरीला शून्य, असा बाईंचा नियम. देवनागरीत जॉन हा जॉनच, हा युक्तिवाद फेटाळण्यात आला. नंतर कॉलेजच्या अंकात खुद्द लेखकाच्या आडनावातलं एक अक्षर गळालं, त्याची दुरुस्ती पुढच्या अंकात आली, आणि चार ओळींच्या बातमीवर नाव दोनदा छापून आलं.

चार ओळी अशासाठी की अंकाचा संपादक एकोणीस वर्षांचा होता. त्याने लेखकाची हवा, झेंडे आणि माळी कापले आणि वर विचारलं, "यू ओके, मॅन?" बँकेत ज्याच्या सहीवाचून कागद हलत नसे त्याला मॅन! तो राग आठवडाभर टिकला. मग आठवलं की 6 जानेवारी 1832 रोजी 'दर्पण' काढताना बाळशास्त्री जांभेकरही विशीच्या आसपासचेच होते, आणि एकाच पानावर इंग्रजी नि मराठीचे रकाने शेजारी शेजारी चालवत होते. लेखकाने माळी सोडून दिला.

शेवटच्या आठवड्यात बाईंनी शिकागोच्या सिटी न्यूज ब्युरोतला जुना दंडक सांगितला. आई म्हणाली की तिचं तुझ्यावर प्रेम आहे, तर तेही तपासून घे. लेखक आज्ञाधारक. त्याने सांगलीला 86 वर्षांच्या आईला फोन लावला आणि सरळ विचारलं, "आई, तुझं माझ्यावर प्रेम आहे का?"

पलीकडे शांतता. मग, "पडलास का कुठं?"

"नाही गं. अभ्यासासाठी विचारतोय."

"फोन ठेव."

पुढच्या अर्ध्या तासात आईने फ्रीमाँटला नातीला, सॅन होजेला चुलतभावाच्या मुलाला आणि सांगलीत आमच्या जुन्या डॉक्टरांना फोन केले. काय खाल्लं, कधी झोपला, कुठे जातो, कोणाबरोबर असतो, बीपीची गोळी कशी घेतो, या वयात का शिकतो. पिरॅमिड न शिकता बातमीदाराचे काय, कधी, कुठे, कोण, कसं, का हे सहाच्या सहा प्रश्न. मग तिचा परत फोन. "तिघांना विचारलं. तू बरा आहेस."

मूळ प्रश्नावर मात्र तिने भाष्य करण्याचं टाळलं.

ता. क. पार्किंगचे नवे दर येत्या सोमवारपासून लागू होत आहेत.