एकास शहात्तर महागाई

ब्रिटनमध्ये मॉडेल रेल्वेचा छंद मुख्यत्वे ‘डबल ओ’ या मापात चालतो. खऱ्या रेल्वेतला एक फूट या मापात चार मिलिमीटर होतो. इंजिन, डबे, फलाट, फलाटावरचा हमाल आणि त्याच्या हातगाडीवरची ट्रंक, सगळे सुमारे शहात्तर पटींनी आक्रसते. आक्रसायला नकार देते ती फक्त किंमत. वाफेचे इंजिन आणि त्यामागचा कोळशाचा डबा मिळून होणारा नवा नग आज सहज दोनशे पौंडांच्या वर जातो. त्याने शिट्टी आणि धापा टाकल्याचे आवाजही काढावेत अशी अपेक्षा असेल, तर तीनशेची तयारी ठेवावी लागते. पंचवीस वर्षांपूर्वी असे इंजिन शंभर पौंडांच्या आत घरी येत असे, आणि तेव्हाही ते फार महाग झाल्याची तक्रार होतीच.

मापाबाबत एक गोष्ट सुरुवातीलाच नोंदवायला हवी, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे. डबल ओचे रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंद असतात. हे अंतर मुळात युरोपातल्या एकास सत्त्याऐंशी मापाचे. ब्रिटिश इंजिने अंगाने बारीक असल्याने त्या काळच्या मोटारी त्यांच्या पोटात मावेनात, म्हणून इंजिने थोडी मोठी केली गेली आणि रूळ तेच ठेवले गेले. परिणामी खऱ्या चार फूट साडेआठ इंचांच्या जागी हे रूळ चार फूट दीड इंचाचे भरतात. म्हणजे अख्खे सात इंच गायब आहेत. हे सात इंच या छंदाने पिढ्यान्‌पिढ्या मुकाट्याने सोसले आहेत. ज्यांना ते सोसवत नाहीत असे थोडे लोक १८.८३ मिलिमीटरचे रूळ स्वतः हाताने बनवतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंतची निष्ठा कुठल्याही दुकानात मिळत नसल्याने दुकानातल्या भाववाढीचा त्रास या मंडळींना तुलनेने कमी होतो.

लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली मेकॅनो या जोडणीच्या खेळण्याचे पेटंट घेतले आणि १९२० साली पत्र्याच्या, किल्लीवर चालणाऱ्या आगगाड्या बाजारात आणल्या. १९३८ मध्ये ‘हॉर्नबी डब्लो’ ही डबल ओ मापातली मालिका निघाली. तिची इंजिने ओतीव धातूची, वजनदार आणि महाग होती. युद्धानंतर ट्राय-अँग या प्रतिस्पर्धी छापाने प्लास्टिकच्या स्वस्त गाड्या आणल्या, घरोघरच्या वडिलांनी खिसा चाचपून पाहिला, आणि १९६४ मध्ये हॉर्नबीच्या गाड्या बनवणारी मेकॅनो कंपनी ट्राय-अँगच्या मालकांच्या ताब्यात गेली. ग्राहकाने स्वस्त मालाला कौल दिल्याचे या छंदाच्या इतिहासातले हे सर्वांत ठळक उदाहरण. मात्र तेव्हा कौल वडिलांचा होता, हे विसरू नये. पुढे त्या घरांतली मुले मोठी झाली, त्यांना पगार आणि नंतर पेन्शन मिळू लागली, आणि खरेदीचा निर्णय मुलांच्या हाती आला. अलीकडच्या वर्षांत डब्लो हे नाव पुन्हा बाहेर काढून धातूच्या अंगाची इंजिने त्याच मुलांना विकली जात आहेत. आता त्यांचा खिसा चाचपणारे कोणी उरलेले नाही.

या मुलांपैकी एका वर्गाला छंदाच्या बोलीत ‘रिवेट मोजणारे’ म्हणतात. इंजिनाच्या पाण्याच्या टाकीवर रिवेटच्या ओळी किती, दर ओळीत रिवेट किती, आणि अमुक कारखान्यातून दुरुस्त होऊन बाहेर पडताना त्यांतल्या किती शिल्लक होत्या, हे यांना ठाऊक असते. सात इंच हरवलेल्या रुळांवर उभ्या असलेल्या इंजिनाची शिट्टी अर्धा मिलिमीटर पुढे सरकली आहे, हे त्यांच्या ताबडतोब लक्षात येते. नव्या इंजिनाची घोषणा झाली की त्यांच्याकडून दोन तक्रारी निघतात: तपशील चुकला आहे, आणि किंमत भलतीच आहे. पहिली तक्रार आराखडे काढणाऱ्याकडे जाते आणि दूर केली जाते. ती दूर करण्याचा खर्च पुढच्या वर्षी दुसऱ्या तक्रारीत जमा होतो. ही साखळी गेली कित्येक वर्षे बिनबोभाट चालू आहे, आणि भाववाढीच्या सर्व कारणांमध्ये हेच मुख्य मानायला हवे. बाकीची कारणे खरी आहेत, पण तक्रारदारांना ती अधिक आवडतात, कारण त्यांत दोष दुसऱ्याचा असतो.

१९७० आणि ८० च्या दशकांतल्या इंजिनांशी ताडून पाहिले, तर फरक कळतो. त्या काळी अनेक मॉडेलांत मोटार इंजिनात नसून मागच्या कोळशाच्या डब्यात असे. डबाच इंजिनाला ढकलत नेई आणि इंजिन आपणच ओढतो आहोत असा चेहरा करून पुढे चाले. दांड्या, नळ्या, कठडे हे सारे अंगावरच उठावाने ओतलेले असत. आजच्या इंजिनात मोटार योग्य जागी असते, तिच्यासोबत जडचक्र असते, डिजिटल नियंत्रणासाठी डिकोडरची जागा असते, आणि भट्टीत निखारे लुकलुकतात. कठड्याची प्रत्येक दांडी वेगळी घडवून एखाद्या कामगाराने चिमट्याने बसवलेली असते. शिवाय खोक्यात एक छोटी प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात ब्रेकच्या नळ्या, सिलिंडरच्या निचऱ्याच्या नळ्या आणि पायऱ्या अशा वस्तू असून त्या ग्राहकाने स्वतः बसवायच्या असतात. बसवल्या की बरीच इंजिने घरगुती रुळांच्या आखूड वळणावर अडकतात. त्यामुळे गाडी चालवणारे ही पिशवी खणात ठेवून देतात, आणि पिशवी रिकामी करणारे गाडी चालवत नाहीत. पैसे दोघांनीही सारखेच मोजलेले असतात.

साच्यांचे गणित याहून कठोर आहे. प्लास्टिकचे अंग ओतायचा पोलादी साचा एकदाच बनतो, पण त्याचा खर्च निघालेल्या नगांवर वाटला जातो. पूर्वी एकच इंजिन वर्षानुवर्षे यादीत असे आणि नाताळ आला की पुन्हा खपे. आता एका रंगसंगतीचे काही हजार, आणि मर्यादित आवृत्ती असेल तर पाचशेच्या आसपास नग काढले जातात. भागणारा आकडा लहान झाला की उत्तर मोठे येते, एवढे अंकगणित छंदातल्या सर्वांना येते. पण ‘मर्यादित आवृत्ती’ हे शब्द वाचल्यावर ते आठवत नाही.

रंगसंगतीचे उदाहरण म्हणून ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ घ्यावे. १९२३ साली बांधलेल्या या एकाच इंजिनाने १४७२, ४४७२, ५०२, १०३ आणि ६०१०३ असे पाच क्रमांक मिरवले. अंगावर सफरचंदी हिरवा, युद्धकाळातला काळा, नंतर निळा आणि पुढे गडद हिरवा रंग चढला. मधल्या काळात बॉयलर बदलला, धुरांड्याच्या बाजूंना पत्र्याच्या झडपा आल्या आणि गेल्या. सामान्य माणसाला हे एक इंजिन वाटते. संग्राहकाच्या लेखी ती निदान पाच इंजिने आहेत आणि त्यांतली दोन अजून घ्यायची राहिली आहेत.

आता दुसऱ्यांच्या दोषाची कारणे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात हॉर्नबी हे नाव पुढे चालवणाऱ्या कंपनीने इंग्लंडमधल्या मार्गेटचे उत्पादन चीनमध्ये हलवले. स्वस्त मजुरीमुळे किमती उतरतील असा भोळा अंदाज होता. प्रत्यक्षात त्या मजुरीतून दांड्या आणि नळ्या विकत घेतल्या गेल्या. पुढे चीनमधली मजुरी वाढली, पण दांड्या कमी करायला कोणी तयार होईना. चिनी कारखान्यांचे बिल डॉलरमध्ये येते. जून २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमतानंतर दीड डॉलरच्या आसपास असलेला पौंड एका रात्रीत १.३३ च्या खाली घसरला, आणि चिमणीचा आकार न बदलताही इंजिन महागले. २०२१ मध्ये जहाजावरच्या कंटेनरचे भाडे आकाशाला भिडले. मूल्यवर्धित कर १९७३ साली १० टक्के होता, तो २०११ पासून २० टक्के आहे. अमेरिकेतल्या छंदी मंडळींना तर एप्रिल २०२५ मध्ये चिनी मालावर १४५ टक्के आयातशुल्क पाहायला मिळाले. पुढच्याच महिन्यात ते ३० टक्क्यांवर आले, तेव्हा ३० टक्के स्वस्त वाटावे अशी त्यांची मनःस्थिती झाली होती. चीनच्या बाहेर माल बनवणे हा उपाय असल्याचे सांगितले जाते. जर्मनीतल्या ग्योपिंगेनच्या मेर्कलिन कंपनीची जर्मनीत आणि हंगेरीत बनलेली इंजिने सुरुवातीपासूनच महाग आहेत. तरीही २००९ मध्ये, आपल्या दीडशेव्या वर्षी, तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढे ती सावरली आणि नव्या मालकांकडे गेली.

ग्राहकाची वागणूक हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. किंमत वाढल्यावर मागणी घटते, असे अर्थशास्त्र सांगते. येथे किंमत वाढल्यावर प्रथम निषेध होतो, मग आगाऊ नोंदणी होते आणि शेवटी आवृत्ती संपल्याबद्दल दुसरा निषेध होतो. खोके उघडल्यास मोल उतरेल या धास्तीने काही इंजिने कधीच रुळांवर येत नाहीत. त्यांची मोटार उत्तम आहे हे मालकाला परीक्षण वाचून ठाऊक असते. घरातल्या इतरांना सांगायची किंमत वेगळी असते, आणि ती गेल्या पंचवीस वर्षांत मुळीच वाढलेली नाही.

गंमत अशी की जुन्या मालाचे भाव त्याच वेळी पडत आहेत. छंद पोसणारी पिढी वयस्क झाली. तिचे संग्रह एकामागून एक बाजारात येतात आणि घेणारे तेच उरलेले मित्र असतात. १९४६ साली लिव्हरपूलमध्ये सुरू झालेल्या हॅटन्स या नामांकित दुकानाने जानेवारी २०२४ मध्ये व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. तेव्हा निवृत्त मंडळींनी आवराआवरीच्या विक्रीत आणखी थोडी खरेदी केली.

महागाईचे रडगाणे ऐकताना खऱ्या रेल्वेचे भावही पाहावेत. १९६३ मध्ये ॲलन पेग्लर यांनी खरे, धूर सोडणारे फ्लाइंग स्कॉट्समन ३,००० पौंडांना विकत घेतले. आज तेवढ्या पैशांत त्याची डझनभर मॉडेले येतील, पाचही क्रमांकांची. अमेरिकेच्या दौऱ्यात ते इंजिन फिरवता फिरवता पेग्लर यांचे १९७२ मध्ये दिवाळे निघाले. २००४ मध्ये यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने तेच इंजिन २३ लाख पौंडांना घेतले आणि नंतर दुरुस्तीवर त्याहून जास्त खर्च केला. एकेचाळीस वर्षांत साडेसातशे पटींहून अधिक वाढ झाली. त्या मानाने मॉडेल बरेच संयमाने वागले आहे, आणि त्याने अद्याप कोणाला अमेरिकेत अडकवलेले नाही.

उत्पादकांनी शोधलेला ताजा उपाय म्हणजे माप कमी करणे. २०२२ मध्ये हॉर्नबीने एकास एकशेवीस मापाची ‘टीटी’ मालिका जाहीर केली. बिस्किटाच्या पुड्याची किंमत तीच ठेवून आतली बिस्किटे कमी करावीत, तसा हा प्रकार वाटेल, पण येथे किंमतही खरोखर कमी आहे आणि हरवलेले सात इंच परत मिळाले आहेत. शिवाय ब्रिटनमधल्या नव्या घरांत खोल्या लहान आणि महाग असतात, आणि जागेचे पैसे हा या छंदातला कोणी न लिहिलेला खर्च आहे. गायक रॉड स्टुअर्ट यांना ती अडचण आली नाही. त्यांनी लॉस एंजलिसच्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन दशकांहून अधिक काळ एक अख्खे अमेरिकन शहर आणि त्याची रेल्वे उभारली. दौऱ्यावर असताना मॉडेलच्या कामासाठी ते हॉटेलात वेगळी खोली घेत. इतरांनी चहाच्या टेबलावर भागवावे.

भारतात हा छंद करणाऱ्यांची कहाणी आणखी निराळी. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचे, म्हणजे एकास सत्त्याऐंशी मापात सव्वाएकोणीस मिलिमीटर. बाजारात मिळणारे रूळ साडेसोळाचे. त्यामुळे येथेही काही इंच आधीच सोडून द्यावे लागतात. आपल्या रेल्वेची तयार मॉडेले फारशी मिळत नसल्याने बरेच काही हाताने बनवावे लागते, आणि उरलेले परदेशातून मागवावे लागते. जगभरातले छंदी आपल्या इंजिनाला कोणी ‘खेळणे’ म्हटले की भडकतात. खेळणे आणि मॉडेल यांतला फरक ते तासभर समजावून सांगू शकतात. भारतीय सीमाशुल्काच्या यादीत मात्र हा वाद मिटलेला आहे. खेळणी आणि लहान मापाची मॉडेले दोन्ही ९५०३ या एकाच मथळ्याखाली येतात. त्यावरचे मूळ शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले. शिवाय २०२१ पासून खेळण्यांना गुणवत्तेचे भारतीय प्रमाणपत्र लागते, ते वेगळेच. ज्या वाचकांना हे सर्व परवडणारे नाही, त्यांनी पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय जाऊन पाहावे. ते १९९८ पासून उघडे आहे, आणि तेथे फक्त तिकीट लागते.