नवं की रिकंडिशन?

आमच्या आप्पांची पद्मिनी आंबा घाटात उकळली. तेव्हापासून ती पेरूखाली उभी आहे आणि आप्पा विचारात आहेत. हेड गॅसकेट गेलंय हे शेंबडं पोरही सांगेल. डिपस्टिकला ऑइलऐवजी दुधाळ कॉफी लागत होती. प्रश्न पुढचा : हेड नवं घ्यायचं, की आहे तेच रिकंडिशन करायचं?

आप्पांनी वही केली. डाव्या पानावर ‘नवं’, उजव्या पानावर ‘जुनं’. थोरल्या मुलीचं लग्न त्यांनी पाऊण तासात ठरवलं होतं, आणि तेव्हा वही नव्हती, हे काकू पाहुण्यांना आवर्जून सांगतात.

अडचण अशी की पद्मिनी बनायची थांबली २००० सालाच्या आसपास. म्हणजे आज ‘नवं’ हेड मिळालंच, तर ते पंचवीस वर्षं कुणाच्या तरी माळ्यावर पडलेलं. नाना पेठेतला दुकानदार फोनवर म्हणाला, “साहेब, एकदम कोरं!” आप्पांनी विचारलं, “किती वर्षांचं कोरं?” उलट जुनं हेड उद्यमनगरात टाकलं, तर वॉल्व्ह नवे, गाइड नवे, सीट नव्या. मग नवं म्हणायचं कशाला? इथवर आले की आप्पा चष्मा काढून पुसतात आणि तो दिवस संपतो.

मिस्त्रींनी हेड पालथं घातलं, वर स्टीलची पट्टी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी धरली. फीलरचं पातळ पान मधोमध सुळकन आत गेलं. “अल्युमिनियम हाय, तापलं की वाकतंय. फेस मारला की झालं सरळ.”

“आधी किती वेळा मारलाय?” आप्पा.

प्रश्न रास्तच होता. दर वेळी हेड घासलं की वरचा चेंबर लहान होतो, कॉम्प्रेशन वाढतं आणि चढाला इंजिन ठोकायला लागतं. पण मिस्त्री काय सांगणार? गाडी आप्पांनी तिसऱ्या मालकाकडून घेतलेली. सध्या ते पहिल्या मालकाचा पत्ता शोधतायत.

मिस्त्रींनी मग पाण्याच्या वाटा बंद केल्या, आत हवा भरली आणि हेड गरम पाण्यात बुडवलं. तडा असता तर बुडबुडे आले असते. एकही आला नाही. दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते. आप्पा म्हणाले, “आज नाही आला.”

एकदा तर निकाल लागतोय असंच वाटलं. शिशाचं पेट्रोल २००० साली देशभर बंद झालं. त्या शिशाचा वॉल्व्हच्या सीटना आधार असायचा. माळ्यावरच्या कोऱ्या हेडच्या सीट त्या जमान्यातल्या. जुन्या हेडमध्ये मात्र कडक सीट ठोकून घेता येतात. मुद्दा बिनतोड होता. तो उजव्या पानावर गेला आणि पारडं झुकलं. आप्पा अस्वस्थ झाले. रात्री उठून त्यांनी डाव्या पानावर लिहिलं : ‘दिसायला बरं.’

परवा कॉलेजातला एक पोरगा मिस्त्रींकडे आला. त्याचीही पद्मिनी, तीही उकळलेली, तोच घोळ. आप्पा तिथेच स्टुलावर बसले होते. मान वर न करता म्हणाले, “पट्टी लावून बघा. पाण्यात तपासा. सीटच्या मध्ये तडा नसेल तर फेस मारा, कडक सीट बसवा, गाइड बदला, रेडिएटर साफ करून घ्या. तडा असेल तरच दुसरं हेड शोधायचं. यात विचार करण्यासारखं आहे काय, बाळा?”

पोरगा पाया पडून हेड ठेवून गेला. मिस्त्रींनी संधी साधली. “आप्पा, मग तुमचंबी ह्याच्यासंगंच टाकतो की!”

“छे छे!” आप्पांनी वही काखेत मारली. “त्याचं वेगळं. त्याला गाडी चालवायचीय.”