जुगारी गावाचं पाणी

बंगळुरात चाळीस वर्षं काढलेले एक मराठी काका आहेत. आधी मल्लेश्वरमची भाड्याची खोली, मग सर्जापूर रस्त्यावरचा फ्लॅट. इतक्या वर्षांत रेसकोर्स त्यांनी पाहिलं ते बसच्या खिडकीतून, तेही मान अर्धीच वळवून. पत्त्यांत मजल झब्बूपर्यंत. पैसे लावायचे तर चिंचोके. अशा माणसाला मुलानं मे २०२४मध्ये लास व्हेगसला नेलं. ‘ग्रँड कॅन्यनच्या वाटेवर आहे’ एवढंच सांगून.

बंगळुरात त्या उन्हाळ्यात बोअर आटल्या होत्या आणि पिण्याच्या पाण्यानं गाडी धुतली तर ५,००० रुपये दंड होता. काकूंनी निघेपर्यंत डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला घातलेलं. आणि इथे बेलाजिओ हॉटेलसमोरच्या तळ्यात कारंजी गाण्याच्या तालावर नाचायला लागली. गर्दीनं टाळ्या वाजवल्या. काका मनातल्या मनात टँकर मोजत होते.

“वाळवंटात हे असले चाळे!”

हॉटेलात लिफ्टकडे जायची वाट जुगाराच्या यंत्रांमधूनच. सोवळं नेसून बाजारातून निघाल्यासारखे काका अंग चोरून चालत. रात्री मात्र झोप येईना. मग एवढी निंदा करायची तर ती अभ्यासपूर्ण असावी, अशा पुणेरी बाण्यानं त्यांनी फोनवर गावाचा इतिहास काढला. (मूळ गाव पुणे. ते सुटत नाही.)

‘लास व्हेगस’ म्हणजे स्पॅनिशमध्ये कुरणं. इथे झरे होते, म्हणून वाटसरू थांबले, म्हणून रेल्वे आली, आणि १५ मे १९०५ला रेल्वेनं भर उन्हात प्लॉटांचा लिलाव पुकारला. “त्यात काय! शहाजीराजांचं बंगळूर पुढे मोगलांकडून म्हैसूरच्या चिक्कदेवराजांनी तीन लाखांना घेतलं,” असं काकांनी सकाळी मुलाला सुनावलं. झरे पुढे उपसून उपसून १९६२मध्ये वाहायचे थांबले. इथे काका गप्प झाले. बंगळुरात ज्या मॅजेस्टिकच्या स्टँडवर त्यांनी जन्मभर बस पकडली, तिथे पूर्वी धर्मांबुधी तळं होतं.

१९३१ साली तर या गावानं कमालच केली. एकाच वर्षी नेवाडानं जुगार कायदेशीर केला आणि जवळच हूव्हर धरणाचं काम सुरू झालं. धरणाच्या मजुरांसाठी सरकारनं बोल्डर सिटी वसवली ती जुगारबंदीसकट; ती बंदी आजही आहे. मजूर पगार घेऊन कुठे जात, हे काकूंनाही विचारावं लागलं नाही. १९५१पासून जवळच्या वाळवंटात अणुचाचण्या सुरू झाल्या, तर हॉटेलवाल्यांनी ढग बघायच्या मेजवान्या ठेवल्या. यापुढे यंत्रात नाणं टाकणारा माणूस काकांना अगदीच सज्जन वाटू लागला.

पण काकांचं मन खरं फिरलं ते गटारामुळे. कोलोरॅडो नदीच्या पाणीवाटपात नेवाडाचा हिस्सा चिमूटभर. म्हणून घराघरांतून, हॉटेलांतून गटारात गेलेलं जवळजवळ सगळं पाणी शुद्ध करून हूव्हर धरणामागच्या मीड सरोवरात परत सोडतात आणि तेवढंच पुन्हा उचलतात. लोकांनी दारातली हिरवळ उपटावी म्हणून पाणीखातं रोख पैसे देतं. काकांनी हे तीनदा वाचलं. वर झगमगाट, आत सदाशिव पेठेचा हिशेब! त्या संध्याकाळी ते स्वतःहून कारंजं बघायला गेले आणि टाळ्यांत आपल्या दोन मिसळल्या.

परतल्यावर काही महिन्यांनी कावेरी पाणीयोजनेच्या पाचव्या टप्प्याचं उद्‌घाटन झालं. सुमारे शंभर किलोमीटरवरून, शेकडो मीटर उंच चढवून पाणी आणायचं आणि त्याच्या भरवशावर मजल्यांवर मजले चढवायचे. व्हेगसमध्ये एवढा मोठा डाव कुणी टाकला नसेल, असं काका आता शेजाऱ्यांना सांगतात. त्यांच्या सोसायटीचा नळ मात्र अजून कोरडाच होता. टँकरवाल्यानं फोनवर रात्री दहाचा शब्द दिला.

“येत नाही तो. दहा रुपये लावते,” काकू म्हणाल्या.

“लागली,” काका म्हणाले.

टँकर साडेबाराला आला. दहाची नोट काकूंच्या देव्हाऱ्यात आहे.