श्रोते पाहिजेत

चेन्नईच्या उपनगरी संस्कृतीचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने ग्रंथालयाची पायरी चढण्याचे कारण नाही. त्याने दाराशी फुकट येऊन पडणारे त्या भागाचे साप्ताहिक उचलावे. ‘मैलापूर टाइम्स’, ‘अड्यार टाइम्स’ यांसारख्या पत्रांनी रुजवलेला हा प्रकार आपल्या चार रस्त्यांपलीकडच्या जगाची फारशी दखल घेत नाही, जाहिरातींवर खर्च भागवतो, आणि येत्या आठवड्यात गाणे कोठे आहे, शिकवणी कोठे सुरू होत आहे व डोळे कोठे फुकट तपासून मिळणार आहेत, याची यादी वाचकाच्या हाती ठेवतो. नंगनल्लूर, क्रोमपेट, तांबरम या दक्षिणेकडच्या उपनगरांत हेच कार्य आता व्हॉट्सअ‍ॅपवरील पत्रकेही पार पाडतात. या यादीत वरवर पाहता कला, शिक्षण आणि आरोग्य असे तीन विभाग दिसतात. परंतु बारकाईने वाचल्यास तिन्ही मथळ्यांखाली एकच निवेदन छापलेले आढळते, आणि ते असे की, आमच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ आहे, ऐकणारा तेवढा पाठवून द्यावा.

उपनगरी संस्कृतीचा पहिला नियम यातूनच निघतो: कोणत्याही संध्याकाळी कार्यक्रमांची संख्या श्रोत्यांच्या संख्येहून किमान एकाने अधिक असते. कलावंताचे नातेवाईक या गणनेत धरलेले नाहीत, कारण शास्त्रदृष्ट्या ते श्रोते नसून आयोजनाचा भाग असतात.

कला, शिक्षण आणि आरोग्य ही त्रयी एका छपराखाली आणण्याची कल्पना या उपनगरांना सुचली, असे मराठी वाचक मानणार नाही, आणि इतिहास त्याच्याच बाजूने आहे. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे (राज्यकाल 1798 ते 1832) यांच्या पदरी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार बंधू होते, आणि भरतनाट्यमचा आज शिकवला जाणारा क्रम, म्हणजे अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंतची मांडणी, बसवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. राजांच्या धन्वंतरी महालात औषधे सिद्ध होत, नेत्ररोग्यांची सचित्र टिपणे ठेवली जात, आणि ‘देवेंद्र कोरवंजी’ या त्यांच्या मराठी नाटकात भविष्य सांगणारी कोरवंजी चक्क जगाचा भूगोल सांगते. नृत्य, नेत्रतपासणी आणि भूगोल हे तिन्ही एकाच आश्रयदात्याकडे मिळण्याचा योग त्यानंतर फारसा आला नाही. तंजावरचा राज्यकारभार 1799 च्या तहाने कंपनी सरकारकडे गेल्यामुळे राजांना या कामास लागणारी फुरसत मिळाली होती. निवृत्त अधिकारी आणि सांस्कृतिक मंडळ यांचे आजचे जिव्हाळ्याचे नाते बहुधा तेथूनच सुरू झाले असावे. फरक एवढाच की, राजांना श्रोत्यांची चिंता नव्हती, कारण दरबारात बसलेल्याला मध्येच उठून कॉफी प्यायला जाता येत नसे.

कलाविभागाचा मुख्य हंगाम मार्गळी हा होय. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत चालणाऱ्या या तमिळ महिन्यात पहाटे देवळांतून वैष्णव संतकवयित्री आंडाळची तिरुप्पावै, म्हणजे तीस पदांची भक्तिरचना, म्हटली जाते, आणि संगीताचा हंगामही त्याच महिन्यात यावा ही ईश्वरी योजना आहे असे भाविक मानतात. प्रत्यक्षात 1927 साली काँग्रेसचे अधिवेशन नाताळच्या सुट्यांत मद्रासला भरले, त्याला जोडून संगीत परिषद झाली, त्या परिषदेतून 1928 साली म्युझिक अकादमी उभी राहिली आणि तिची वार्षिक परिषद पुढे डिसेंबरातच भरत राहिली. वैष्णवांच्या या परमपवित्र महिन्यातील सर्वांत मोठा उत्सव अशा प्रकारे एका राजकीय पक्षाच्या आणि ख्रिस्ती सणाच्या कृपेने जन्मला, ही गोष्ट कोणत्याही पत्रकात छापली जात नाही. युनेस्कोने 2017 साली संगीतासाठी चेन्नईचा समावेश सर्जनशील शहरांच्या जाळ्यात केला. श्रोत्यांसाठी असे जाळे मात्र अद्याप कोणी टाकलेले नाही.

या हंगामात सभा, म्हणजे संगीताचे कार्यक्रम करणारी मंडळे, संध्याकाळची वेळ नामवंतांना देतात व दुपारची होतकरूंना. दुपारी प्रवेश विनामूल्य असतो, आणि तरीही खुर्च्या रिकाम्या राहतात, यावरून फुकट ते पौष्टिक ही म्हण संगीतास लागू नसल्याचे सिद्ध होते. होतकरूंपैकी काही जण सुट्यांत अमेरिकेहून आलेले असतात. अशा कलावंताच्या मंचप्रवेशासाठी कोणी कोणाला किती देणगी दिली, याविषयी उपाहारगृहात जे बोलले जाते ते तेथील सांबाराइतकेच तिखट असते.

उपाहारगृहाचा उल्लेख येथे विषयांतर म्हणून आलेला नाही. कच्चेरीचा, म्हणजे गायनाच्या बैठकीचा, आजचा साचा अरियाकुडी रामानुज अय्यंगार (1890–1967) यांनी रूढ केला: आरंभी वर्णम, मग कृती, मध्यावर विस्ताराने मांडलेली मुख्य रचना, तिला जोडून तनी आवर्तनम, म्हणजे मृदंग, घटम आदी तालवाद्यांचे स्वतंत्र वादन, आणि शेवटी तुक्कडा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हलक्या रचना. गायकाने मृदंगवादकाकडे पाहून मान हलवताच तिसऱ्या रांगेतील गृहस्थ खुर्चीवर अंगवस्त्र टाकून जागा राखतात, पायाच्या अंगठ्याने अंधारात चपला चाचपतात, शेजाऱ्याच्या गुडघ्यांना वळसा घालतात आणि चेहऱ्यावर काही अपरिहार्य देहधर्म उद्भवल्याचा भाव ठेवून थेट केळफुलाच्या वड्यापर्यंत जाऊन पोहोचतात. आयुष्याची वीस वर्षे मृदंगाला वाहिलेला वादक आपली सर्वांत अवघड तिहाई जेव्हा समेवर आणतो, तेव्हा निम्मे रसिक अडै, म्हणजे डाळ-तांदळाचे धिरडे, आणि अवियल, म्हणजे नारळातली मिश्र भाजी, यांच्या मेळाविषयी मतप्रदर्शन करीत असतात. जाणकार मंडळी सभेची निवड करताना यंदा गाणार कोण याच्या आधी यंदा स्वयंपाक कोणाकडे याची चौकशी करतात, आणि या प्रश्नाचे उत्तर वर्तमानपत्रांतही आस्थेने छापले जाते.

मराठी श्रोत्याला मात्र तुक्कड्यापर्यंत थांबणे भाग असते, कारण अभंगाची पाळी तेव्हा येते. मराठी कीर्तनाचा बाज तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी एकोणिसाव्या शतकात हरिकथेत आणला, भजनी परंपरेने संतांच्या रचना तमिळ घरांत नेल्या आणि अलीकडे अरुणा साईराम यांच्या गायनाने अभंगाला कच्चेरीत हुकमी टाळ्या मिळवून दिल्या. ज्या विठ्ठलासाठी वारकरी दोन-अडीच आठवडे पायी चालतो, तो येथे रात्री नऊच्या सुमारास, तांबरमची लोकल गाठण्याच्या घाईत असलेल्या मंडळींना जाता जाता दर्शन देतो.

शिक्षणविभागात अबॅकस, वैदिक गणित, सुंदर हस्ताक्षर, श्लोकपठण आणि बुद्धिबळ यांचे वर्ग येतात. चेन्नईचा गुकेश 2024 साली अठराव्या वर्षी विश्वविजेता झाल्यापासून सात वर्षांच्या मुलालाही आता उशीर झाला असे मानले जाते. या विभागातील सर्वांत मननीय जाहिरात हिंदीच्या शिकवणीची असते. हिंदीच्या सक्तीविरुद्ध 1937 मध्ये आणि पुन्हा 1965 मध्ये पेटून उठलेल्या या प्रांताच्या राजधानीतच 1918 साली स्थापन झालेल्या दक्षिण भारत हिंदी प्रचार सभेचे मुख्यालय आहे, आणि तिच्या प्राथमिक, मध्यमा, राष्ट्रभाषा अशा चढत्या परीक्षांना बसवणाऱ्या शिकवण्या गल्लोगल्ली चालतात. यातील विसंगती केवळ वरवरची आहे: सक्ती सरकारने केली तर आंदोलन होते, आईने केली तर फी भरली जाते. या वर्गांच्या वार्षिक समारंभात कोणीही मागे राहू नये म्हणून सर्व मुले व्यासपीठावर असतात आणि सर्व पालक मोबाइल उंच धरून चित्रीकरण करीत असतात, त्यामुळे पाहण्याचे काम पुढील एखाद्या मोकळ्या रविवारावर ढकलले जाते.

आरोग्यविभागाची परंपरा या शहरात खरोखर थोर आहे. योगाचार्य तिरुमलै कृष्णमाचार्य यांनी आपल्या दीर्घ आयुष्याची अखेरची दशके येथे घालवली आणि त्यांचे पुत्र देशिकाचार यांनी 1976 साली त्यांच्या नावाने योगमंदिर काढले. योग हा माणसागणिक वेगळा शिकवावा, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा. उपनगराने त्याचा सोयीस्कर अर्थ लावून शंभर चटया, एक ध्वनिक्षेपक आणि पाठीमागे प्रायोजकाचा फलक अशी व्यवस्था केली.

कला आणि आरोग्य यांचे खरे नाते मात्र एका वृत्तपत्रकाराने ओळखले. नागेश्वर राव पंतुलु यांनी 1893 साली मुंबईत अमृतांजन काढले आणि 1914 साली आपला कारभार मद्रासला हलवला. त्यांनी या मलमाच्या डब्या आरंभी गाण्याच्या कार्यक्रमांत फुकट वाटल्या, असे सांगतात. मराठी माणसाला अमृतांजन हे नाव बोरघाटातील पुलामुळे ठाऊक होते, आणि तो पूल 2020 साली पाडला गेला. मैलापूरला मात्र पंतुलुंच्या नावाचे उद्यान आहे, तेथे लोक सकाळी फेऱ्या मारतात व अधूनमधून गाणेही ऐकतात. सलग अडीच तासांच्या कच्चेरीनंतर श्रोत्याला नेमके काय हवे असते, हे ज्याने जाणले, त्याच्याएवढा द्रष्टा संयोजक त्यानंतर झाला नाही.

श्रोत्यांच्या या दुष्काळाचे कारण मात्र पर्जन्यमानात शोधण्याचे कारण नाही. पिढ्यान्‌पिढ्या निमंत्रणे त्याच त्या घरांत गेली, त्या घरांतील मुले परदेशी गेली, आणि ज्यांना कधी बोलावलेच नव्हते ते आले नाहीत, याचे संयोजकांना नवल वाटू लागले. बेझंटनगरला लागून असलेल्या उरूर-ओल्कॉट कुप्पम या कोळीवाड्यात गायक टी. एम. कृष्णा, पर्यावरण कार्यकर्ते नित्यानंद जयरामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 साली उत्सव सुरू केला, तेव्हा शास्त्रीय संगीत आणि इतर कला वस्तीच्या दारात एकत्र आल्या आणि माणसे ऐकायला बसली. इतक्या उघड उपायाने प्रश्न सुटू शकतो, ही बाब परिसंवादांचा हंगाम चालवणाऱ्यांना साहजिकच अडचणीची वाटली.

यावर तोडगा म्हणून एक सत्कार सुचवता येईल. पोन्नाडै, म्हणजे मानाची जरीकाठी शाल, आजवर गायक, गुरू, देणगीदार आणि दोन शब्द बोलण्यासाठी येऊन चाळीस मिनिटे बोलणारे प्रमुख पाहुणे यांच्या खांद्यांवर पडत आली आहे. ती एखाद्या वर्षी संपूर्ण कच्चेरी तनी आवर्तनमसह ऐकणाऱ्या श्रोत्याला द्यावी. या निकषाला उतरणारा उमेदवार शोधणेही अवघड नाही. सभागृहाच्या फाटकावरील पहारेकरी संपूर्ण हंगाम ध्वनिक्षेपकातून ऐकतो, मृदंग सुरू झाल्यावर जागचा हलत नाही, आणि वड्याच्या रांगेतही कधी दिसत नाही. त्याची निवड कोणतीही समिती एकमताने करील; मात्र शाल घालण्यासाठी त्याला आत घ्यावे लागेल, आणि तेवढा वेळ बाहेर मोटारी कोण सांभाळणार, या मुद्द्यावर बैठक तहकूब होईल.