सायकलवरून बालाघाट : नियोजनखंड

(स्टँडवर लावलेली सायकल. कॅरिअरवर इतके सामान की सायकल शोधावी लागते. वक्ता जाडजूड ग्रंथ उघडतो आणि सरकारी आवाजात वाचू लागतो. तो शेवटपर्यंत हसत नाही.)

बालाघाटच्या रांगेतून सायकलवर तंबू बांधून करायच्या तीन-चार दिवसांच्या प्रवासाचे दोन भाग पडतात : नियोजन आणि प्रवास. पहिला भाग धाराशिव जिल्ह्यात सर्वत्र आढळतो. दुसरा दुर्मीळ आहे.

नियोजनाचा उगम पावसाळ्यात होतो. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदी पाणीमहालावरून नर-मादी धबधबे होऊन कोसळू लागली, की ते चित्रण मोबाईलवर फिरते आणि भज्यांच्या गाड्यापाशी चौघे जमतात. ‘आवंदा जायचंच’ हा ठराव एकमताने मंजूर होतो. लगेच व्हॉट्सॲपवर गट निघतो. गटाला नाव, डोंगराचे चित्र आणि चार ॲडमिन असतात. सदस्यही तेच चार. सायकल एकाकडेच असते, आणि ती पुतण्याची असते.

(सायकलची घंटी वाजवतो. वाजत नाही. पान उलटतो.)

भूरचना. धाराशिव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 650 मीटर उंचीवर, म्हणजे पठारावरच वसलेले आहे. त्यामुळे इथला सायकलस्वार अंथरुणातून उठतो तेव्हा डोंगर चढून झालेला असतो. हा लाभ फसवा आहे. येडशीपुढे बार्शीकडे उतरा किंवा तुळजापूरहून सोलापूरकडे, घाट आधी उतरायला मिळतो. वारा कानात शिरतो, नियोजक हात सोडून सायकल चालवतो आणि त्या वेगाने उरलेल्या तीन दिवसांचा हिशेब मांडतो. परतीच्या दिवशी तोच घाट चढ म्हणून भेटतो.

चढाचे शास्त्र सोपे आहे. सायकल, सामान आणि स्वार मिळून 100 किलो धरले, तर 100 मीटर उंची गाठायला शरीराला साधारण 100 कॅलरी खर्चाव्या लागतात. धाराशिवचा एक गुलाबजामून त्याहून जास्तच देतो. म्हणजे एका गुलाबजामुनात शंभर मीटर चढता येते आणि वर थोडे उरते. या सूत्राचा पूर्वार्ध नियोजकांनी मनापासून आत्मसात केलेला आहे. गुलाबजामून सकाळीच संपतात. चढ शिल्लक राहतो.

हंगाम. वैशाखात इथल्या डांबरावर सायकल नेऊ नये. टायरला चालेल, डोक्याला चालणार नाही. पावसाळ्यात डोंगर हिरवा होतो, पण रस्ता सोडून चार पावले आत गेले की काळी माती चाकाला धरते, मडगार्डात भरते आणि सायकल उचलून न्यावी लागते. त्या प्रसंगी कोण कोणावर स्वार आहे याबद्दल मतभेद संभवतात. उत्तम काळ दिवाळीनंतरचा, फेब्रुवारीपर्यंतचा. मात्र तोच उसाच्या गाळपाचा काळ. मागचा दिवा नसलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चाललेला असतो. तो दिसण्याआधी त्याची गाणी ऐकू येतात. गाणी ऐकू येणे थांबले तर सायकलस्वाराने चिंता करावी. सूर्य मावळल्यावर रस्त्यावर राहू नये, आणि सायकलला मागे लाल दिवा हवाच. ही सूचना विनोदाची नाही.

(चष्मा काढतो, पुसतो, लावतो.)

वाशी-भूमच्या बाजूला डोंगरमाथ्यावर पवनचक्क्या उभ्या आहेत. त्या कंपन्यांनी वारा मोजून उभ्या केल्या, सायकलस्वाराला विचारून नव्हे. पाती जोरात फिरताना दिसली की अंतर तेवढेच राहते, वेळ वाढतो.

सामान. जाणकारांच्या मते एकूण ओझे 15 किलोच्या आत असावे : हलका तंबू, चटई, पांघरूण, पंप, दोन जादा ट्यूब, पंक्चरचे साहित्य, पाणी. यादी इथे संपते आणि घर सुरू होते. आई कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि लोणच्याची बरणी देते. बरणी काचेची असते, म्हणून ती गुंडाळायला चादर. चादर भिजू नये म्हणून ताडपत्री. ताडपत्री बांधायला सुतळीचा गुंडा. सुतळी कापायला विळी. पंप राहून जातो. पंपावाचून भागत नाही, कारण मराठवाड्याच्या रस्त्याकडेला सराटा आणि बाभूळ या दोन वनस्पती टायरच्या प्रतीक्षेत वर्षभर उभ्या असतात.

आजोबांचा आक्षेप मूलगामी असतो. ‘आरं, एस्टी हाय की! पंच्याहत्तरीच्या पुढं मला फुकट, तुज्या आईला अर्धं तिकीट. आन् तू पैसे घालून घाम काढायलास?’ या युक्तिवादाला अद्याप उत्तर सापडलेले नाही.

मार्ग. दक्षिणेची शाखा तुळजापूरवरून नळदुर्गला जाते. उत्तरेची येडशी, येरमाळा आणि पुढे कुंथलगिरीला. कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र. पण नियोजकाच्या नकाशावर तिथे पेढ्याचे चित्र असते. तुळजापूरला कोजागिरीच्या सुमारास जाऊ नये. सोलापूरहून हजारो भाविक त्या वाटेने रात्रभर चालत येतात, आणि गाठोडे सांभाळत निघालेल्या म्हातारीने घाटात मागे टाकलेला सायकलस्वार पुन्हा सायकलीचे नाव काढत नाही.

मुक्काम. तंबू मुरमाड, थोड्या उंच जागी ठोकावा. ओढ्याच्या पात्रात नाही. शेताच्या मालकाला विचारावे. विचारले की चौकशी सुरू होते : गाव कोणते, आडनाव कोणते, मामा कुठले. तिसऱ्या प्रश्नाला नाते निघते. ‘घर आसताना कापडात झोपता व्हय?’ असे म्हणत तंबू गुंडाळून ओसरीत ठेवला जातो. पिठलं-भाकरी येते, पहाटे हुरड्याचे आमंत्रण येते. जिल्ह्यात तंबूचा मुख्य उपयोग उस्मानाबादी शेळीला होतो. ती दोऱ्या खाते.

येडशीजवळच्या रामलिंगला माकडे आहेत. तिथे पिशवीची चेन लावून ठेवावी; लावली तरी ती उघडतात. तिथल्या अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीवाचून मुक्काम करू नये. कारण तिथे परवानगीवाचून मुक्काम करणारा एकजण आधीच नोंदला गेला आहे.

(ग्रंथ मिटतो. प्रथमच प्रेक्षकांकडे पाहतो.)

डिसेंबर 2024 मध्ये येडशी-रामलिंग घाट अभयारण्यातील कॅमेऱ्यात एक नर वाघ टिपला गेला. तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून आला होता. अंतर 400 किलोमीटरहून अधिक. पंप नाही, तंबू नाही, लोणचे नाही. गटात नाव नाही. ‘कधी निघायचं’ असे त्याने कोणाला विचारले नाही. त्याला पकडून सह्याद्रीत हलवायचे ठरले, तेव्हा पथके, पिंजरे आणि बैठका असे रीतसर नियोजन झाले. पथकांचा मुक्काम लांबला.

आषाढीच्या वारीचा दाखला वाघाच्या उलट, पण निष्कर्ष तोच : निघणारा निघतो. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी शेकडो वारकऱ्यांसह या जिल्ह्यातून, तुळजापूर करून, पंढरपूरला जाते. तिचे मुक्काम ठरलेले, निघण्याची वेळ ठरलेली. कोणी ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणत नाही, कारण एकादशी पुढच्या आठवड्यात जात नाही. तारीख हलली नाही की माणूस हलतो.

(पुन्हा ग्रंथ उघडतो.)

तेव्हा तारीख आधी ठरवावी, सायकल नंतर. दिवसाला चाळीसएक किलोमीटर पुरेत. पहिल्या दिवशी पहाटे निघावे. चहा वाटेत मिळतो. आणि घाटात दम लागल्यास उतरून सायकल हातात धरावी. पायी चढण्यास कोणत्याही कायद्याने बंदी नाही.

(सायकल स्टँडवरून काढतो. मागचे चाक पंक्चर.)