एकोणतिसाच्या पाढ्याला घाबरणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

गुणाकार समोर आला की लगेच झटापटीला उतरू नये. आधी दोन्ही संख्या न्याहाळाव्यात आणि त्यांतली आपल्या ओळखीची कोणती ते ठरवावे. ‘एकोणतीस नवे किती?’ असे विचारल्यावर जो घाम पुसत ‘एकोणतीस एके एकोणतीस’पासून चढण चढू लागतो, तो माणूस सज्जन खरा; पण त्याची बस चुकते. त्याने संख्यांची जागा बदलावी. नऊ, एकोणतीस वेळा. नऊ तीस वेळा घेतले तर २७०. जास्तीचे घेतलेले नऊ परत करावेत. उरले २६१.

शाळेत या अदलाबदलीला क्रमनिरपेक्षता म्हणतात. हा शब्द गंभीर आवाजात उच्चारावा; समोरचा सहसा पुढे काही विचारत नाही. फारच खोदून विचारले तर युक्लिडच्या ‘मूलतत्त्वे’ ग्रंथाच्या सातव्या खंडातील सोळाव्या प्रमेयाकडे बोट दाखवावे. पूर्ण संख्यांपुरती सिद्धता तिथे आहे.

एक ते दहाच्या पाढ्यांत शंभर ओळी असतात. उलटसुलट जोड्या एकदाच मोजल्या तर ५५ पुरतात. बाकीच्या ४५ आपण घोकंपट्टीच्या प्रेमाखातर वाहत आलो. ‘सात आठे छप्पन्न’ आणि ‘आठ साते छप्पन्न’ एका चालीत म्हणूनही त्या सख्ख्या बहिणी आहेत, याचा पोरांना पत्ता लागत नाही. पाढे पुरते पाठ होईपर्यंत तो लागू न देण्याचा रिवाज घरोघरी पाळला जातो.

प्रगत अभ्यासकांनी टक्क्यांकडे वळावे. ३५० रुपयांच्या मोबाईल-दुरुस्तीवर १८ टक्के जीएसटी लागला, तर ३५०चे १८ टक्के काढत बसू नये. १८चे ३५० टक्के काढावेत, म्हणजे अठराची साडेतीनपट. ६३ रुपये. जुन्या शाळांत औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, घोकून घेत ती याचसाठी, असे दुकानदाराला ठामपणे सांगावे. जीएसटी २०१७ साली आला, हे तेवढ्यापुरते विसरावे.

मात्र डॉक्टरांनी एक गोळी दिवसातून तीनदा लिहिली असताना तीन गोळ्या एकदम घेऊन गुणाकाराचा दाखला देऊ नये. आयर्लंडच्या हॅमिल्टनने तर १८४३ साली क्वाटर्नियन नावाच्या अशा संख्या शोधल्या, की जागा बदलली तर उत्तरही बदलू शकते. आनंदाच्या भरात त्याने त्या गुणाकाराचे सूत्र डब्लिनमधल्या एका पुलाच्या दगडावर कोरले. क्वाटर्नियनचे पाढे अजून कोणत्याही शाळेत म्हणवून घेत नाहीत. तोवर निर्धास्त असावे.